शेऱ्याचा रकाना

दुसरा हप्ता अडकलाय एका सहीवर,
सही अडकलीय एका शेऱ्यावर,
म्हणून रविवार असून मी सड्यावरच्या तंत्रनिकेतनात.
खिडकीतून विजयदुर्गाची खाडी,
सुकतीचा वास, फाईल.

प्रकल्पाचं नाव एका ओळीत मावत नाही:
सागरी सुरक्षेसाठी
मानव-सहयोगी यंत्रबाहू.
मंजूर एक कोटी अठ्ठावीस लाख.
पैकी यंत्रबाहू, जलरोधक आवरण, कॅमेरे, तराफा,
पैकी चहापान चार हजार,
पैकी पाणबुड्या, रोजंदारीवर, एक.

तो एक म्हणजे वासुदेव कोयंडे.
तीस वर्षं गस्तीनौकांच्या पोटाखाली हात फिरवत आलेला:
कालवं कुठली, गंज कुठला,
आणि रात्री कुणी आणून चिकटवलेलं,
जे तिथलं नाहीच, ते कुठलं,
हे गढूळ पाण्यात डोळे मिटून बोटांनी वाचणारा.
करंगळी बोटीच्या पंख्याने नेली.
उरलेल्या बोटांची कातडी इतकी झिजली
की फाटकावरचं हजेरीयंत्र
रोज सकाळी त्याला अनोळखी ठरवतं
आणि वॉचमन हाताने सही घेतो.

पुण्याहून आलेली मृण्मयी आगटे म्हणाली,
काका, याला सांगायचं नसतं, धरून शिकवायचं असतं.
मनगट धरा, फिरवा. ते लक्षात ठेवतं.
वासुदेवने ते पांढरं मनगट धरलं
जसं पाटीवर ग गिरवताना
कुणी त्याचं धरलं असेल.
किंवा नसेल, तिसरीतच शाळा सुटली त्याची.
चाळीस दिवस, कमरेइतक्या पाण्यात,
"थयसर नाय रे झिला, सावकाश."

बिल मी लावलं. प्रशिक्षण, दिवस चाळीस, दर सातशे.
आक्षेप आला: प्रशिक्षकाचे शैक्षणिक प्रमाणपत्र जोडावे.
त्याने रेशनकार्ड आणून दिलं.
मी तेही जोडलं.

चाचणीला धक्क्यावर मांडव, शहाळी,
दिल्लीचे दोघे, एक गणवेशातले.
बाहू पाण्यात गेला, बोटीच्या तळाशी चाचपत राहिला,
आणि लोहचुंबक लावून लपवलेला
माझा जेवणाचा डबा
सहा मिनिटांत वर घेऊन आला.
टाळ्या.
परत खाली जाताना वाटेत वासुदेवचा खांदा आला.
बाहू थांबला.
एक लाट गेली, दुसरी गेली, तो तसाच,
खांद्याला टेकून.

साहेबांनी विचारलं, लागला की थांबतो?
मृण्मयी म्हणाली, हो सर, म्हणून तर सहयोगी.
कुणालाही लागला तरी?
ती कागद चाळायला लागली.
दोर धरून पाण्यातूनच वासुदेव म्हणाला,
"माणूस लागलो की थांबता, सायब.
कोण तां त्येका खंयसून कळतला?
काळोखात माका पण कधी कळूक नाय."
कुणी हसलं नाही.
एका शहाळ्यातली नळी खाली पडली.

नंतर पत्र आलं.
स्पर्श होताच थांबणे हे वैशिष्ट्य समजावे की त्रुटी,
अभिप्राय द्यावा.
पुढील टप्प्यात सदर मर्यादा शिथिल करता येईल काय,
तेही कळवावे.
प्राचार्य म्हणाले, लिहून टाका काहीतरी गोलमोल,
मार्च जवळ आलाय.

शेडमध्ये जाऊन आले मगाशी.
तो सराव करत होता, एकटाच, कोरड्यावर,
नसलेल्या बोटीच्या नसलेल्या तळावरून
वासुदेवसारखा हात फिरवत,
करंगळीच्या जागी जरा तिरका होत.
मी आडवा हात धरला.
थांबला.
हिरवा दिवा पिवळा झाला
आणि माझा हात निघेपर्यंत तो वाट बघत राहिला.
मी बराच वेळ काढला नाही.

आता भरती लागलीय.
शेऱ्याच्या रकान्यात मी एकच शब्द टंकलाय, वैशिष्ट्य,
आणि त्याच्याकडे बघत बसलेय,
कारण हा शब्द वर कुणाला आवडला नाही
तर हप्ता यायचा नाही,
आणि वासुदेवचे अठ्ठावीस हजार
त्या हप्त्यातच आहेत.